'त्याला ऑटिझम झालाय' - चुकतंय काय, नाव की क्रियापद?

ठाणेकरीण

गेल्या रविवारी नात्यातल्या एका डोहाळजेवणाला गेलो होतो, लेकाला घेऊन. लेक सहा वर्षांचा, ऑटिस्टिक आहे. हॉलमधे गाणी मोठ्याने लागलेली म्हणून तो कानावर हात ठेवून खुर्च्यांच्या मागे बसला होता आणि खुर्चीच्या पायाचं रबरी बूच फिरवत होता, मजेत होता एकदम. एक लांबच्या काकू आल्या, माझ्या हातात पेढा ठेवला आणि हळू आवाजात विचारलं, "कधी झालं गं त्याला हे?"

वाईट मनाच्या नाहीत हो त्या. पण घरी येताना रिक्षात माझ्या डोक्यात तेच एक "झालं" फिरत होतं. कधी झालं म्हटलं की तारीख सांगावी लागते. तारीख सांगितली की त्याआधी काय घडलं ते शोधलं जातं, लस दिली होती का, टीव्ही लावत होतात का, तू कामावर कधी जायला लागलीस. आणि झालं म्हणजे बरंही होणार, मग कोण होमिओपॅथी सांगतं, कोण गाईचं तूप नाकात घाला म्हणतं. कावीळ होते, गोवर होतो, सर्दी होते. डावखुऱ्या माणसाला आपण "डावखुरेपण कधी झालं" असं विचारतो का? तो डावखुरा असतो, बास.

सगळीकडे वाद चालतो तो नामांवर. स्वमग्न म्हणायचं की ऑटिस्टिक, दिव्यांग की विशेष मूल. मी पण त्यात पडलेय, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भांडलेय. पण आता वाटतं की मराठीत खरी गडबड क्रियापदात आहे, आणि शेपटीला लागणाऱ्या त्या 'ग्रस्त'मधे. दोन एप्रिल आला, जागतिक ऑटिझम दिन, की पेपरात हमखास 'ऑटिझमग्रस्त मुलांचा रंगारंग कार्यक्रम'. पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त, आणि त्यांच्या शेजारी माझा मुलगा, नाचतोय.

तुमच्याकडे काय म्हणतात? घरात, शाळेत, गावाला? खरे शब्द लिहा, पुस्तकी नकोत.

चहाबाज

पहिला नंबर. वाचतोय. आमच्या सोसायटीत एका आजोबांना ऑटिझम म्हणजे रिक्षाशी संबंधित काहीतरी वाटलं होतं ते आठवलं, ऑटो + इझम. गंभीर धाग्यावर पांचट प्रतिसाद दिल्याबद्दल सॉरी.

शुद्धलेखक

व्याकरणाच्या बाजूने थोडं. 'झालाय' आणि 'तो आहे' यांच्या मधे मराठीत तिसरी रचना आहे, 'त्याला ऑटिझम आहे'. ही फार लबाड रचना आहे. त्याला ताप आहे, त्याला बहीण आहे, त्याला अक्कल आहे, त्याला घाई आहे, सगळं त्याच साच्यात बसतं. म्हणजे आजारही आणि नातंही. त्यामुळे 'त्याला ऑटिझम आहे' हे वाक्य वाईट नाही, ऐकणाऱ्याच्या मनात ताप आहे की बहीण त्यावर ठरतं.

इंग्रजीत जो वाद आहे ना, आधी व्यक्ती मग ऑटिझम की उलट, तो मराठीत जसाच्या तसा आणता येत नाही. 'ऑटिझम असलेलं मूल' म्हटलं तरी आपल्याकडे विशेषण आधीच येतं, मूल शेवटीच. तेव्हा तिकडचे नियम इकडे चिकटवण्यात अर्थ नाही. 'ग्रस्त'बद्दल मात्र शंभर टक्के सहमत. मूळ संस्कृत धातू ग्रस्, म्हणजे गिळणे. राहू-केतूचं काम.

पंखा_नंबर_तीन

बरेच दिवस वाचनमात्र होते, आज राहवलं नाही.

मी स्वतः ऑटिस्टिक आहे. वय ३७, पुण्यात सॉफ्टवेअरमधे टेस्टिंग करते, निदान ३४ व्या वर्षी झालं (बघा, निदान होतं, ते क्रियापद बरोबर आहे). त्याआधी मला लेबल नव्हतं असं कुणाला वाटत असेल तर चूक. भरपूर होती. शाळेत घुमी. कॉलेजात आखडू. लग्नानंतर सासरी शिष्ट, पाहुणे आले की आत जाऊन बसते म्हणून. ऑफिसात उद्धट, कारण मीटिंगमधे चुकीचं आहे ते चुकीचं म्हटलं. ही सगळी लेबलं फुकट मिळतात, डॉक्टर लागत नाही आणि एकही लेबल असं नाही ज्यात माझा दोष नाही. ३४ व्या वर्षी मिळालेलं पहिलं असं होतं ज्यात मी गुन्हेगार नव्हते.

म्हणून 'लेबल लावू नका हो मुलांना' म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. लेबल लागतंच. कुठलं लागणार एवढंच आपल्या हातात.

आता स्वमग्न. हा शब्द मला नको आहे. दिसायला सुंदर आहे, ध्यानमग्न वगैरेच्या वंशातला, पण खोटा आहे. लहानपणी आमच्या चाळीतल्या खोलीत पंखा होता, तीन नंबरवर ठेवला की त्याची एक पाती किंचित टक् वाजायची. मी तासन्‌तास खाली झोपून ते ऐकायचे. आई म्हणायची स्वतःतच असते. मी स्वतःत अजिबात नव्हते हो, मी पंख्यात होते! स्वतःचं तर भानच नव्हतं, भूक लागलेली कळायची नाही. मग्न बरोबर, स्व चूक.

ठाणेकरीण

पंखा_नंबर_तीन, "मी पंख्यात होते" वाचून खुर्चीच्या पायाचं बूच आठवलं. थँक्यू लिहिल्याबद्दल.

गोदाकाठ

स्वमग्नची बाजू घेतो. यात मराठीची चूक नाही, मराठीने इमानदारीत भाषांतर केलंय. मूळ शब्दातच घोळ आहे. ऑटोस म्हणजे ग्रीकमधे स्वतः. ब्लॉयलर नावाच्या स्विस मानसोपचारतज्ज्ञाने १९११ च्या सुमारास तो शब्द वापरला तो स्किझोफ्रेनियाच्या पेशंटबद्दल, बाहेरच्या जगातून आत ओढले गेलेले असे. मग १९४३ साली बाल्टिमोरला लिओ कॅनरने ११ मुलांवर लेख लिहिला, ८ मुलगे ३ मुली, आणि तोच उसना शब्द यांना लावला. म्हणजे एका वेगळ्याच स्थितीचं लेबल, दुसऱ्यांना डकवलेलं, आणि ऐंशी वर्षं आपण त्याच्या अर्थावरून मुलांना जोखतोय, की याला माणसं नकोत, हा आत गेलाय.

आणि नावाने किती नुकसान होतं बघायचं तर 'रेफ्रिजरेटर मदर' बघा. मूल आत गेलंय ना, मग कुणीतरी आत ढकललं असणार, कोण, तर थंड आई. बेटेलहाइमने १९६७ मधे यावर अख्खं पुस्तक लिहिलं. त्याच्या तीन वर्षं आधी १९६४ मधे बर्नार्ड रिमलंडने, जो स्वतः अशा मुलाचा बाप होता, हे जैविक आहे म्हणून पुस्तक लिहिलं होतं, तरी आयांना दोष देणं पुढे कितीतरी वर्षं चाललं. आपल्याकडे फ्रिज नव्हता म्हणून 'आई नोकरी करते ना' एवढ्यावर भागलं.

पण माझा मुद्दा वेगळा. आमच्या निफाडकडच्या शाळेत मी 'ऑटिझम' म्हटलं की समोरची माणसं गप्प होतात, घाबरतात, काहीतरी परदेशी आलं. स्वमग्न म्हटलं की निदान मान हलवतात, पुढे बोलता येतं. शब्द चुकीचा असला तरी दार उघडतो.

पंखा_नंबर_तीन

दार उघडतो पण आत कुठे नेतो? 'स्वतःत मग्न आहे, डिस्टर्ब करू नका' इथे. किंवा 'स्वतःपुरतं बघते' इथे. दुसऱ्याचं दुःख कळत नाही म्हणतात आम्हाला. मला इतकं कळतं की बातम्या बघता येत नाहीत, फक्त चेहऱ्यावर दिसत नाही. डेमियन मिल्टन म्हणून ब्रिटनमधे संशोधक आहे, स्वतः ऑटिस्टिक, त्याने २०१२ मधे हे नीट मांडलं की न कळणं दोन्ही बाजूंनी असतं, तुम्हालाही आम्ही कळत नाही, पण आजाराचं नाव फक्त आमच्या न कळण्याला मिळतं.

जुनाखोड

आमच्या वेळी हे असलं काही नव्हतं. आता उठसूट प्रत्येक पोराला काहीतरी निघतं. अमेरिकेत म्हणे आता दर ३१ पोरांमागे एक. हे सगळं क्लिनिकवाल्यांचं.

विशेषशिक्षिका

जुनाखोड काका, आकडा बरोबर आहे, २०२२ सालच्या त्यांच्या आठ वर्षांच्या मुलांचा. २००० साली तोच १५० मधे एक होता. पण मधल्या काळात नावाची हद्द किती सरकली ते बघा ना. १९९४ मधे अ‍ॅस्पर्जर हा प्रकार आत घेतला, बोलणारी हुशार मुलं आली. २०१३ च्या डीएसएम-५ मधे (अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांचं निदानाचं पुस्तक) सगळे उपप्रकार मिटवून एकच स्पेक्ट्रम केला, आवाज-स्पर्श-उजेडाचा त्रास निकषात आला, आणि एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) व ऑटिझम दोन्ही एकाच मुलाला असू शकतात हे मान्य झालं, त्याआधी नियमाने चालतच नव्हतं. अमेरिकन शाळांच्या नोंदीत ऑटिझमची मुलं वाढली तशी मतिमंद या खान्यातली कमी होत गेली. म्हणजे बरीचशी मुलं नवीन नाहीत, पाटी नवीन आहे.

आपल्याकडेही तेच. मी २००३ पासून कोल्हापूर भागात शिकवते. १९९५ च्या अपंग कायद्यात सातच प्रकार होते, त्यात ऑटिझम नाही. १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यात आला खरा, पण सर्टिफिकेट द्यायची वेळ आली की मुलगा मतिमंद म्हणून जायचा, कारण फॉर्मवर तेवढाच चौकोन. एक मुलगा मला आठवतो, मोठ्या गुणाकारांची उत्तरं तोंडी द्यायचा आणि कागदावर मतिमंद. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार झाले आणि ऑटिझमला आपला चौकोन मिळाला.

पाट्या बदलण्याची गंमत सांगते. सिकंदराबादची राष्ट्रीय संस्था, तिच्या नावात आधी मेंटली हँडिकॅप्ड होतं, आता बौद्धिक दिव्यांगजन सक्षमीकरण आहे. अपंगचं दिव्यांग झालं. पण नॅशनल ट्रस्टच्या कायद्याच्या नावात मेंटल रिटार्डेशन तसंच बसलंय. आणि जिन्याला रॅम्प व्हायला नाव बदलण्यापेक्षा जास्त वेळ लागतो हे वेगळं.

जुनाखोड

विशेषशिक्षिका ताई, तुम्ही लिहिलंत ते दोनदा वाचलं. माझं वय ७४. आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्यात एक भाऊ होते. ताक-भाताशिवाय काही खायचे नाहीत, लग्नामुंजीत कुठे जायचे नाहीत. वाड्याच्या दिंडीत लंबकाचं घड्याळ होतं त्याला रोज संध्याकाळी सातला चावी द्यायचे, दुसऱ्या कुणी हात लावलेला चालत नसे. आम्ही पोरं चक्रम भाऊ म्हणायचो. एकदा वाड्याला चुना लावताना घड्याळ उतरवून ठेवलं. सात वाजता भाऊ चौकात आले, घड्याळ नाही. कानावर हात ठेवून ओरडायला लागले, डोकं खांबावर आपटलं. मोठ्यांनी धरून खोलीत कोंडलं, अंगात आलंय म्हणाले. आम्ही पोरं दाराच्या फटीतून बघत होतो, हसत होतो.

एवढ्या वर्षांनी आज पहिल्यांदा वाटलं की घड्याळ परत लावलं असतं तर झालं असतं.

नव्हतं म्हणालो ते मागे घेतो.

ठाणेकरीण

काका... काय लिहू. त्या 'अंगात आलंय'वरून सांगते, रोजचे बारीक शब्द जास्त घात करतात. लेक हात फडफडवतो, त्याला सगळे चाळे म्हणतात. 'चाळे बंद कर'. चाळे म्हणजे मुद्दाम केलेलं, ओशाळवाणं काहीतरी. आमच्या ओटीने (म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्टने) सांगितलं की तो हातांनी स्वतःला शांत करतोय, तेव्हापासून आम्ही घरात 'पंख फडफडवतोय' म्हणतो. नुसतं नाव बदललं तर माझ्या सासूबाई आता त्याचा हात धरून खाली दाबत नाहीत, विचारतात, "कशानं घाबरला रे?" तसंच हट्ट आणि मेल्टडाउन. हट्ट म्हटलं की धपाटा आठवतो. मेल्टडाउनला अजून मराठी शब्द सापडला नाही, आम्ही 'फ्यूज उडाला' म्हणतो. सासूबाईंना लगेच कळलं. फ्यूज उडाल्यावर कुणी मीटरला मारत नाही.

किवीदेशी

ऑकलंडहून लिहितोय. इथे माओरी भाषेत ऑटिझमला आधी शब्द नव्हता, केरी ओपाई नावाच्या माओरी भाषातज्ज्ञाने एका ऑटिस्टिक मित्राकडे बघून शब्द घडवला, ताकिवातांगा. अर्थ साधारण, आपल्या स्वतःच्या वेळेत आणि जागेत असलेला. २०१७ मधे मानसिक आरोग्य आणि अपंगत्वाच्या माओरी शब्दांचा जो कोश आला त्यात तो आहे. ग्रीकमधून भाषांतर केलंच नाही, माणसाकडे बघितलं. मी हे आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली त्यात काय नवीन, माझी आजी म्हणायची की 'आपल्या तंद्रीत असतो'. बसा आता.

दुसरं म्हणजे, भाषेचाच विषय आहे म्हणून. मुलगा तीन वर्षांचा असताना इथल्या एका थेरपिस्टने सांगितलं की घरी मराठी बंद, एकच भाषा ठेवा, गोंधळतो. आम्ही घाबरून ऐकलं. दोन वर्षं घरात मोडकंतोडकं इंग्रजी, बायको त्याला अंगाई म्हणायची ती पण बंद केली. आजीआजोबांशी व्हिडिओ कॉलवर तो आणि ते नुसते एकमेकांकडे बघत बसायचे. नंतर दुसऱ्या थेरपिस्टने सांगितलं की असं करायची गरज नव्हती, दोन भाषांमुळे ऑटिस्टिक मुलांचं बोलणं आणखी मागे पडतं असं अभ्यासांमधे दिसत नाही. आता नऊ वर्षांचा आहे. परत मराठी सुरू केली. 'तुला पाणी हवंय' म्हणतो, म्हणजे त्याला हवं असतं. आम्ही जे विचारतो तेच परत म्हणतो. मी तू ची ही उलटापालट कॅनरच्या त्या ११ मुलांमधेही नोंदवलेली आहे म्हणे. मला तर आता ती चूक वाटतच नाही, त्याचं मराठी ते तसं. 

अर्धाकप

व्हर्च्युअल ऑटिझम बद्दल कोणी सांगेल का? भाचीला तेच आहे म्हणाले, मोबाईल बंद केला की जातं म्हणे.

विशेषशिक्षिका

अर्धाकप, हे नाव डीएसएममधे नाही आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, आयसीडी-११ मधेही नाही. फार स्क्रीनने लहान मुलांचं बोलणं-खेळणं मागे पडू शकतं, मोबाईल कमी करा, चांगलंच आहे. पण या नावाखाली वर्ष-वर्ष थांबू नका, डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियनकडून नीट तपासून घ्या. या लेबलमधे परत तोच आईबापांच्या डोक्यावरचा फ्रिज आहे, फक्त आता खिशात मावतो.

आणि 'माइल्ड' या शब्दापासून सावध. आपल्याकडे सर्टिफिकेटसाठी आयएसएए ही ऑटिझम मोजायची भारतीय चाचणी वापरतात, ४० बाबी, प्रत्येकीला गुण. ७० ते १०६ माइल्ड, १०७ ते १५३ मॉडरेट, त्यावर सिव्हिअर. आईबाप माइल्ड ऐकून पेढे वाटतात आणि शाळा माइल्ड ऐकून शॅडो टीचर (वर्गात मुलासोबत बसून मदत करणारी) नाकारते. ज्या दिवशी मूल बरं झोपलं त्या दिवशी ९८ येतो, नाही झोपलं तर वेगळाच.

एकबाप

मुलगा १९ वर्षांचा. बोलत नाही. रात्री दोन तास झोपतो. मागच्या वर्षी बायकोचं मनगट फ्रॅक्चर झालं, त्याने ढकललं म्हणून, मुद्दाम नाही. ताई म्हणतात तो सिव्हिअरचा चौकोन आमचा.

इथे छान चर्चा चालू आहे. पण न्यूरोडायव्हर्सिटी, फरक आहे आजार नाही, वगैरे वाचलं की मला वाटतं लिहिणाऱ्यांनी एक रात्र आमच्याकडे यावं. पंखा_नंबर_तीन मॅडम, तुम्ही टायपिंग करताय, नोकरी करताय. तुमचा आणि माझ्या मुलाचा शब्द एकच कसा? २०१३ ला सगळं एकत्र केलं त्यात आमची मुलं दिसेनाशी झाली. टीव्हीवर ऑटिझम म्हटलं की जीनियस दाखवतात.

पंखा_नंबर_तीन

एकबाप, तुमच्या रात्रीबद्दल मला काहीही शहाणपण शिकवायचं नाहीये. तुम्हाला माणूसबळ हवंय, शब्द नको, हे कळतंय.

फक्त एक. मलाही निदानाच्या वेळी एका डॉक्टरांनी "तुमचं अ‍ॅस्पर्जर म्हणा ना, ऑटिझम कशाला" असं सुचवलं होतं, जरा प्रतिष्ठित म्हणून. मी नाही म्हटलं. ज्या डॉक्टरवरून ते नाव पडलं, त्या माणसाने व्हिएन्नात नाझी काळात मुलांची कामाची आणि बिनकामाची अशी वर्गवारी केली आणि काही मुलांना श्पीगेलग्रुंडच्या संस्थेत पाठवलं, जिथे मुलं मारली जात होती, याची कागदपत्रं २०१८ मधे नीट बाहेर आली. मला त्यातल्या 'कामाच्या' रांगेत उभं राहायचं नाही. तुमच्या मुलाच्याच शब्दात राहायचंय. म्हणून माझी सोय आणि त्याची गरज सारखी होत नाही, ते मान्य.

एकबाप

हे माहीत नव्हतं.

ठीक आहे.

शुद्धलेखक

एकबाप, विचारू का, 'बोलत नाही' म्हणालात, तर सांगतो कसा तो?

एकबाप

चित्रांचा तक्ता आहे, लॅमिनेट केलेली कार्डं, मागे वेल्क्रो. पोळी, पाणी, बाहेर, झोका, शू, दुखतंय अशी. साधारण ४० वापरतो. त्यातलं एक 'बंद' आहे, दुकानाच्या शटरचं चित्र. कोपऱ्यावरचं किराणा दुकान दुपारी बंद असायचं आणि त्याला बिस्किट हवं असायचं, तेव्हा त्याला दाखवायला बनवलं होतं.

त्याने ते कार्ड स्वतःच दुसरीकडे वापरायला सुरुवात केली. मिक्सर लागला की मिक्सरला लावतो. टीव्हीला लावतो. दिवाळीत माझे एक साडू आले होते, सोफ्यावर बसून त्याच्यासमोरच तासभर चाललं होतं, बिचारा, नशीब, पुढे कसं होणार, वेडा नाही पण. तो उठला, तक्त्यावरून कार्ड काढलं आणि साडूंच्या शर्टाच्या खिशावर दाबून धरलं. वेल्क्रो लागेना तर दोनदा दाबलं.

ठाणेकरीण

मग साडू गेले का?

एकबाप

चहा पिऊन गेले. कार्ड खिशातच राहिलं, दुसऱ्या दिवशी स्कूटरने जाऊन आणलं.